भाकरी कमी केली, गोळी तशीच राहिली!

साखरेचा आजार निघाला की पहिली कुऱ्हाड भाकरीवर पडते. रुग्ण दवाखान्यातून घरी येईपर्यंत शेजारीपाजारी, जावई, नातू आणि मोबाईलवरचे निरोप असे सगळेच डॉक्टर होतात आणि एकमुखाने सांगतात, भात बंद, बटाटा बंद, भाकरी अर्धी! माणूस घाबरलेला असतो, तो ऐकतो. चार दिवस जातात आणि पाचव्या दिवशी त्याचे डोके गरगरते, हातपाय कापतात, दरदरून घाम फुटतो, रात्री पोटऱ्यांत पेटके येतात. मग तेच शेजारीपाजारी म्हणतात, ‘‘बघा, खाणे सोडले म्हणून अशक्तपणा आला. काही होत नाही, पोटभर खा.’’ तो पुन्हा पहिल्यासारखा खाऊ लागतो आणि साखर पुन्हा तीनशेवर जाते. दुसरा एखादा जिद्दी निघतो. चक्कर आली तरी पथ्य सोडत नाही आणि एक दिवस रस्त्यात कोसळतो. दोघांनाही कोणी सांगितलेले नसते की चक्कर का आली.

मधुमेह हा बसून खाणाऱ्या शेठजी-भटजींचा आजार, अशी एक समजूत आपल्या समाजात फार वर्षे होती. ती आता सोडून दिली पाहिजे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशभर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. एवढी माणसे केवळ बंगल्यांत राहणारी असूच शकत नाहीत. त्यात सफाई कामगार आहेत, घरकाम करणाऱ्या भगिनी आहेत, रिक्षाचालक आहेत, नाक्यावरचे मजूर आहेत, निवृत्त शिपाई आहेत. फरक एवढाच की बंगल्यातल्या मधुमेह्याला आहारतज्ज्ञ भेटतो आणि वस्तीतल्या मधुमेह्याला व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप भेटतो.

येथे एक गोष्ट प्रथमच स्पष्ट केली पाहिजे. भात-भाकरी कमी करणे हे काही थोतांड नव्हे. भात असो, चपाती असो, साबुदाणा असो की बटाटा, पोटात गेल्यावर यातील पिष्टाचे शेवटी ग्लुकोजच होते आणि तेच रक्तात उतरते. ज्वारीची भाकरी ‘चालते’ असे कोणीतरी सांगितले म्हणून एका बैठकीला तीन-तीन भाकरी खाणारे बांधव आम्ही पाहतो. ज्वारीत तंतू आहेत, ती पांढऱ्या तांदळापेक्षा बरी, हे खरे. पण १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठातही ७० ग्रॅमच्या आसपास पिष्टमय भाग असतोच. आपल्या देशातील माणसाला मिळणाऱ्या एकूण उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांतून येतात, असे त्याच पाहणीतून पुढे २०२५ साली मांडले गेले. अमेरिकेतील मधुमेह संघटनेनेही २०१९ साली मान्य केले की रक्तातील साखर आटोक्यात आणण्यासाठी आहारातील जे जे बदल तपासले गेले, त्यांत पिष्टमय पदार्थ कमी करण्याच्या बाजूने सर्वाधिक पुरावा आहे. तेव्हा वाद कमी करण्याबद्दल नाही. वाद आहे तो कसे, कोणाच्या देखरेखीखाली आणि त्या जागी ताटात काय ठेवून कमी करायचे, याबद्दल.

हा उपाय नवाही नाही. रोलो नावाच्या ब्रिटिश लष्करी डॉक्टराने १७९७ साली मधुमेहावर पुस्तक लिहिले. त्यात त्याने आपल्या रुग्णाला धान्य तोडून मांस आणि चरबीवर ठेवले होते. पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत फ्रेडरिक अ‍ॅलन या डॉक्टराने तर मधुमेही रुग्णांना जवळजवळ उपाशी ठेवण्याचीच पद्धत काढली. लहान लहान मुले हाडांचा सापळा होऊन काही महिने, एखादे वर्ष जगत. साखर कमी होई, माणूसही कमी होई. दुसरा उपायच नव्हता. जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातील टोरांटो शहरी लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले, तेव्हा तो मुलगा अवघ्या तीसेक किलोचा होता. त्या दिवसापासून मधुमेह्याला उपाशी राहण्याची सक्ती संपली. पण त्याच दिवसापासून एक नवी गोष्टही सुरू झाली. ती म्हणजे औषध आणि ताट यांचा मेळ घालण्याची. आता साखर खाली ओढणारे दोन हात झाले, एक पथ्याचा आणि दुसरा औषधाचा. दोघांनी एकाच वेळी जोर लावला तर माणूस खड्ड्यात जातो.

परमपूज्य बाबासाहेबांना मधुमेह होता, हे आपण सर्व जाणतो. ज्या १९४८ साली राज्यघटनेच्या मसुद्याचे काम त्यांच्या खांद्यावर होते, त्याच साली मधुमेह, रक्तदाब आणि पायांतील मज्जातंतूंच्या वेदनांनी त्यांचे शरीर पोखरले जात होते. त्या वेळी आजच्यासारख्या गोळ्या नव्हत्या. होती ती इन्सुलिनची सुई आणि कडक पथ्य. १५ एप्रिल १९४८ रोजी डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या माईसाहेब झाल्या. माईसाहेबांविषयी चळवळीत पुढे जो वाद झाला तो येथे उकरून काढण्याचे कारण नाही. मात्र एक डॉक्टर म्हणून जी गोष्ट त्या घरात घडली ती आजच्या प्रत्येक मधुमेह्याच्या घरात घडायला हवी. सुईवर लक्ष ठेवणारी व्यक्ती आणि ताटावर लक्ष ठेवणारी व्यक्ती तेथे एकच होती. आज गोळी लिहून देणारा डॉक्टर शहरात बसतो, ताट वाढणारी सून घरात असते, पथ्य सांगणारा मोबाईलमध्ये असतो, आणि या तिघांची एकमेकांशी गाठ कधी पडतच नाही.

आमच्या परिचयातील एका भगिनीची गोष्ट सांगतो. वय पंचावन्नच्या पुढे. चार घरची धुणीभांडी करून संसार चालवलेली बाई. साखरेसाठी तिला रोज सकाळी जेवणाआधी एक गोळी दिलेली होती. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन या दोन औषधांची मिळून एक, आपल्याकडे अगदी सर्रास दिली जाते ती. गोळी घ्यायची, दोन भाकरी आणि कोरड्यास खायचे आणि कामाला निघायचे, असा तिचा वर्षानुवर्षांचा क्रम. मुलाने कुठेतरी वाचले की भाकरी बंद केल्यास मधुमेह मुळापासून जातो. आईच्या प्रेमापोटीच त्याने तिची सकाळची भाकरी बंद केली. त्या जागी काकडी आणि बिनसाखरेचा चहा. गोळी मात्र होती तीच. तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास एका इमारतीच्या जिन्यात ती बसली ती उठेना. अंग घामाने भिजलेले, नजर भिरभिरती, तोंडाने काहीतरी असंबद्ध बोलणे. एकजण म्हणाला, बाई प्यायलेली दिसते. दुसरी म्हणाली, अंगात आले आहे, लिंबू उतरवा! सुदैवाने खालच्या मजल्यावरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थाला स्वतःला साखर होती. त्याने ओळखले आणि साखरेचे पाणी पाजले. दहा-पंधरा मिनिटांत बाई माणसात आली. नंतर तिचा केसपेपर आम्ही पाहिला. त्यावर साखरेचे आकडे होते, गोळीचे नाव होते, पुढची तारीख होती. पण ही बाई सकाळी काय खाते आणि दिवसभर किती जिने चढते, याची एक ओळही त्यावर नव्हती.

याला साखर उतरणे म्हणतात. रक्तातील साखर ७० च्या खाली गेली की शरीर हाका मारू लागते. घाम, थरथर, छातीत धडधड, कडकडून भूक, उगीचच राग. ५४ च्या खाली गेली की मेंदूलाच इंधन पुरत नाही. मग बोलणे अडखळते, पाय लटपटतात, माणूस बेशुद्ध पडतो, झटकेही येतात. सर्वच गोळ्यांनी हे होते असे नाही. नुसते मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर अशी सहसा उतरत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या जातीच्या गोळ्या मात्र तुम्ही जेवलात की नाही हे विचारत नाहीत. त्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतातच. इन्सुलिनच्या सुईचेही तसेच. ताटात दोन भाकरी धरून ठरवलेली मात्रा अर्ध्या भाकरीवर घेतली तर उरलेली मात्रा रक्तातली साखर खाते. त्यात शारीरिक कष्ट असले तर साखर आणखी झपाट्याने उतरते. म्हणूनच पथ्याची हीच चूक खुर्चीत बसणाऱ्या साहेबापेक्षा आपल्या कष्टकरी माणसाला जास्त भोवते. नाक्यावर झिंगल्यासारखा दिसणारा प्रत्येक मजूर दारू प्यालेला नसतो, हे पोलिसांनीही आणि आपणही ध्यानात घेतले पाहिजे.

अशा वेळी शुद्ध असेल तर तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून द्यावे. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावे आणि बरे वाटल्यावर काहीतरी खायला घालावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. १०८ ची गाडी बोलवावी. आणि साखरपाण्याने माणूस उठून बसला म्हणजे संपले असेही नाही. वर सांगितलेल्या गोळ्यांचा अंमल तासन् तास टिकतो. म्हाताऱ्या माणसांत आणि मूत्रपिंड कमजोर असलेल्यांत तर दुसऱ्या दिवसापर्यंतही. त्याच रात्री झोपेत साखर पुन्हा उतरू शकते. त्यामुळे त्याच दिवशी दवाखाना गाठला पाहिजे.

पण प्रत्येक चक्कर ही साखर उतरल्याची नसते, हेही तितकेच खरे. येथेच लोकांचा घोटाळा होतो. पिष्टमय पदार्थ एकदम तोडले की शरीरातील इन्सुलिनची पातळी खाली येते आणि मूत्रपिंडे मीठ व पाणी नेहमीपेक्षा जास्त बाहेर टाकू लागतात. यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर संपते, तिच्याबरोबर धरून ठेवलेले पाणीही जाते. पहिल्या आठवड्यात वजनकाटा दोन-तीन किलो खाली गेला म्हणून आनंदाने पेढे वाटणाऱ्यांनी समजून घ्यावे की त्यातील बहुतेक पाणीच गेलेले असते. या पाण्या-मिठाच्या गळतीने डोके दुखते, उठून उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते, पेटके येतात, पोट साफ होत नाही, अंग मोडून येते. ग्लुकोमीटरवर साखर मात्र १३०-१४० अशी ठीक असते. अशा माणसाला साखर खाऊ घालून काय उपयोग? त्याला पाणी हवे असते, थोडे मीठ हवे असते आणि एक-दोन आठवड्यांचा धीर हवा असतो. मात्र ज्याला रक्तदाब, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्याने हे मीठही स्वतःच्या मनाने वाढवू नये. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांचे दुखणे तर आणखी वेगळे. पथ्याने आणि वजन उतरल्याने त्यांचा रक्तदाब आधीच खाली आलेला असतो, वरून गोळी तो आणखी खाली नेते. त्यात लघवी होण्याची गोळी असली तर विचारूच नका. म्हणजे येथेही तेच. ताट बदलले, गोळी तशीच राहिली.

तिसरा प्रकार तर मोठा फसवा. ज्या शरीराला वर्षानुवर्षे तीनशे साखरेची सवय झाली आहे, ते शरीर साखर १२० वर आली तरी घाबरते. हात कापतात, धडधडते, भूक लागते, अगदी साखर उतरल्यासारखेच. माणूस लाडू खातो आणि म्हणतो, मला कमी साखर सोसत नाही. वस्तुतः ही शरीराची जुनी सवय मोडण्याची धडपड असते आणि काही आठवड्यांत ती शमते. पण खरी कोणती आणि खोटी कोणती, हे बोट टोचून मोजल्याशिवाय कळत नाही. अंदाजाने केलेले निदान हे देवऋष्याचेच निदान होय. मग ते पदवीधर मुलाने केलेले का असेना! जवळ मोजायचे यंत्रच नसेल आणि घाम-थरथर सुरू असेल, तर मात्र साखर उतरली असेच धरून साखरपाणी द्यावे. थोडी साखर वाढल्याने तासाभरात जीव जात नाही.

चौथा प्रकार विरळा, पण जीवघेणा. मूत्रावाटे साखर बाहेर टाकणाऱ्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या पूर्वी महाग होत्या. एकीचे पेटंट २०२० साली आणि दुसरीचे २०२५ साली संपल्याने त्या आता स्वस्त झाल्या आणि सर्वसामान्यांपर्यंत पोहोचल्या. ही चांगलीच गोष्ट आहे. हृदयाला आणि मूत्रपिंडांना त्यांचा फायदा होतो. परंतु या गोळ्या घेत असताना धान्य एकदम तोडले किंवा उपास केले तर रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो, आणि तोही साखर फारशी वाढलेली नसताना. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ सालीच याबाबत इशारा दिला होता. मळमळ, उलट्या, पोटात दुखणे, धाप लागणे अशी लक्षणे या गोळ्या घेणाऱ्याला दिसली तर ‘पित्त झाले असेल’ म्हणून घरी थांबू नये. आणि ज्या मुलांना, तरुणांना लहान वयातच मधुमेह होऊन इन्सुलिनवर राहावे लागते, त्यांचे इन्सुलिन तर कोणत्याही पथ्याच्या नावाखाली बंद करता येत नाही. ‘भाकरी सोडा, सुई सुटेल’ असे त्यांना सांगणारा त्यांच्या जिवाशी खेळतो आहे.

आता पाचवे कारण. ते वैद्यकाच्या पुस्तकात कमी आणि आपल्या घरात जास्त सापडते. आपल्या भगिनींना जो थकवा येतो तो पुष्कळदा निव्वळ उपाशी राहण्याचा असतो. साठ-साठ ग्रॅम पिठाच्या दोन भाकरी ताटातून काढल्या म्हणजे चारशेच्या आसपास उष्मांक काढले. त्या जागी काय ठेवले? मोबाईलवरचा निरोप सांगतो, बदाम ठेवा, चीज ठेवा, ऑलिव्हचे तेल ठेवा, अ‍ॅव्होकॅडो ठेवा! हे निरोप लिहिणाऱ्यांनी आमच्या वस्तीतल्या किराणा दुकानात कधी डोकावून पाहिले आहे काय? परिणामी भाकरी जाते आणि तिच्या जागी काहीच येत नाही. घरात चार अंडी शिजली तर ती मुलांच्या आणि नवऱ्याच्या ताटात जातात. आई मात्र आमटीचे पाणी आणि अर्धी भाकरी खाऊन ‘माझे पथ्य आहे’ म्हणते. याला पथ्य म्हणायचे की उपासमार?

आणि शासन आपल्याला काय देते? अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो धान्य मिळते, जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. ज्यांच्या घरी चूल पेटत नव्हती त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे, तिला नाके मुरडणारे पोटभरलेले लोक आहेत. पण हे धान्य म्हणजे मुख्यतः तांदूळ आणि गहू. डाळ नाही, शेंगदाणा नाही, अंडे नाही. ज्या मधुमेह्याला डॉक्टर सांगतो की तांदूळ-गहू कमी खा, त्याच्या पिशवीत शासन फक्त तांदूळ-गहूच टाकते. दुसऱ्या बाजूने पाहा. आपल्या समाजाचे प्रथिनांचे सर्वात स्वस्त साधन कोणते होते? मांस! २०१५ साली महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आली. गरिबाच्या ताटातला तो घास कायद्याने गेला. गाय आणि अस्पृश्यता यांचा संबंध काय, हे बाबासाहेबांनी १९४८ सालच्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात साधार मांडले आहे. ते येथे सांगत बसत नाही. आमचे म्हणणे साधे आहे. आमच्या ताटातून काय काढायचे हे ठरवणारे पुष्कळ आहेत, ताटात काय घालायचे याची जबाबदारी घेणारा कोणी नाही.

तरीही हातपाय गाळून बसण्याचे कारण नाही. ज्या खाण्याची आपल्याला लाज वाटायला लावली गेली, त्याच खाण्यात पुष्कळसे उत्तर आहे. सुकट, जवळा, बोंबील, वजडी, पाया, चान्या, रक्ती हे पदार्थ आमच्या आज्या-पणज्यांनी गरिबीत शोधून काढले. त्यात पिष्ट जवळजवळ नाही आणि प्रथिने भरपूर आहेत. सुक्या मासळीत मीठ फार असते, रक्तदाबवाल्यांनी ती धुऊन, भिजवून घ्यावी एवढेच. एका अंड्यात सहाएक ग्रॅम प्रथिने मिळतात. मूठभर शेंगदाणे, मोडाची मटकी, हरभरा, घट्ट डाळ, तांदुळजा, अंबाडी, चुका, शेवग्याचा पाला यांत परदेशी काहीही नाही. काही घरांतून ‘आपण बौद्ध झालो म्हणून मांसमच्छी सोडली’ असे ऐकू येते. ज्याची त्याची इच्छा. परंतु भिक्खूंनी मांस-मासळी वर्ज्य करावी ही देवदत्ताची मागणी होती आणि तथागतांनी ती नाकारली होती, हे विनयपिटकात नमूद आहे. साखरेच्या रोग्याने मांसही सोडायचे आणि भाकरीही सोडायची म्हटल्यावर खायचे काय? मूत्रपिंडावर परिणाम झालेल्यांनी मात्र प्रथिने किती घ्यावीत हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

भाकरी कमी करायची तर एकदम नव्हे. तीनच्या दोन कराव्यात, आठवडाभर साखर मोजावी, मग दोनची दीड. आणि कमी करण्याच्या आधी दवाखान्यात जाऊन स्पष्ट शब्दांत विचारावे, ‘‘डॉक्टरसाहेब, मी भाकरी निम्मी करतो आहे, तर ही गोळी किती घेऊ?’’ विचारायला संकोच कसला? आपली माणसे डॉक्टरपुढे अजूनही हात बांधून उभी राहतात. गोळीचे नाव विचारत नाहीत, ‘पांढरी गोळी’, ‘पिवळी गोळी’ असे म्हणतात. गोळी आपल्या पोटात जाते, तिचे नाव विचारणे हा आपला हक्क आहे. स्वतःच्या मनाने गोळी बंद करणे जितके वाईट, तितकेच न विचारता घेत राहणेही वाईट. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर तपासून मिळते. ‘आज या, उद्या या’ म्हटले तर तेथे भांडले पाहिजे.

प्रवासाचेही असेच आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो बांधव येतात. रात्रभर गाडीत उभे, सकाळी रांगेत, जेवणाची वेळ नाही. पण गोळीची वेळ झाली म्हणून कित्येक म्हातारे कोतारे न चुकता रिकाम्या पोटी गोळी घेतात. रांगेत कोणी कोसळले की उन्हाने, गर्दीने भोवळ आली असे आपण म्हणतो. दर्शनाच्या रांगेतल्या प्रत्येक साखरवाल्याच्या खिशात ग्लुकोजची पुडी आणि एका कागदावर नाव, गोळीचे नाव, घरचा फोन एवढे असावे. तेथे आरोग्य शिबिरे घेणाऱ्या आपल्या डॉक्टर मंडळींनी रक्तदाबाबरोबर साखर तपासावी आणि आकडा लिहिताना ‘शेवटचे कधी जेवलात’ हेही विचारावे.

राहिला वर्षावासाचा प्रश्न. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत अनेक उपासक-उपासिका उपोसथाला अष्टशील घेतात आणि दुपारनंतर जेवत नाहीत. त्यांच्या श्रद्धेबद्दल आम्हाला आदर आहे. परंतु त्यातील कितीतरी जणी संध्याकाळची साखरेची गोळी घेतात, रात्रीचे इन्सुलिनही घेतात आणि रात्रभर रिकाम्या पोटी झोपतात. पहाटे अंथरूण घामाने भिजते, वाईट स्वप्ने पडतात, सकाळी डोके जड असते. तथागतांनी हे सांगितलेले नाही. आजारी भिक्खूंना तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधे विकाळीही घेण्याची मुभा त्यांनी दिली होती. आजाऱ्याची शुश्रूषा करणे हे आपली शुश्रूषा करण्यासारखेच आहे, असेही त्यांनी भिक्खूंना बजावले होते. आजाऱ्याला उपाशी ठेवून शील पुरे होत नाही. प्रत्येक विहारात वर्गणी काढून एक ग्लुकोमीटर ठेवणे काही अशक्य नाही. आपण मिरवणुकीच्या डीजेवर एका रात्रीत जेवढे उधळतो त्यात कित्येक विहारांची यंत्रे आणि वर्षभराच्या पट्ट्या येतील. सुई मात्र प्रत्येकाला नवी वापरावी. आणि पुढच्या आषाढी पौर्णिमेच्या आधी अष्टशील घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक माई-अण्णाला भन्तेजींनी किंवा विहाराच्या अध्यक्षांनी बाजूला घेऊन एवढे विचारावे, ‘‘साखरेची गोळी कोणती घेता, संध्याकाळची घेता का, आणि रात्री जेवणार नाही हे डॉक्टरांना सांगितले आहे का?’’